थर्मासमधले बेचाळीस

"हा थर्मास कोणाचा?" मी विचारलं.

"देवाजीचा," इंदिराबाई म्हणाल्या. "चहाचा हाय. धुतला मी. टाका लवकर."

"त्यांना विचारलंत का?"

"त्याईची म्हैस मरून पडली रस्त्यावर. त्याईले आता थर्मासाचं काय सुचते जी! टाका."

मी तळ्याच्या पाळीखाली गुडघ्यांवर बसले होते. समोर प्लास्टिकच्या ताडपत्रीवर म्हशीचं यकृत होतं, पाटाएवढं मोठं, आणि मी ते वडी कापावी तसं कापत होते. पित्ताच्या नळ्या बोटाएवढ्या जाड झालेल्या. दाबल्या की त्यांतून चपटे किडे बाहेर यायचे. बांबूच्या कोवळ्या पानासारखे, करड्या रंगाचे, दीड-दोन इंच लांब. पुस्तकात त्यांना पर्णकृमी म्हणतात. मी एक चिमट्यात धरला तेव्हा त्यानं अंग आखडलं आणि हळूच परत लांब केलं.

"जिवंत आहे!" मी ओरडले.

"मंग फोनवर काय सांगतलं होतं मी तुमाले?"

ही गोष्ट २००३च्या डिसेंबरातली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मूळची कराडकडची, आणि विदर्भातल्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात पीएच.डी. करत होते. विषय होता म्हशीच्या यकृतातल्या पर्णकृमींमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम. कोणी विचारलं की मी ऐटीत पूर्ण नाव सांगायची, 'ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज', आणि मग समोरचा माणूस जेवणाचा विषय काढायचा. भंडाऱ्याकडच्या या तळ्यांच्या मुलखात हे किडे फार. तळ्याच्या काठी गोगलगायी, गोगलगायींच्या अंगात किड्यांची पिल्लं, ती ओल्या गवतावर येऊन बसतात, आणि म्हशी तेच गवत खातात.

इंदिराबाई कापगते या गावच्या दूधसंस्थेच्या पशुसेविका. वय पन्नाशीच्या पुढं, नऊवारीचा काष्टा, पायात मुलाचे जुने बूट. वर्षातून दोनदा गावातल्या सव्वादोनशे म्हशींना जंताचं औषध पाजायचं काम त्यांचं. गेली दोन वर्षं त्या पांढरं औषध पाजत होत्या आणि म्हशी खंगतच होत्या. जबड्याखाली पाणी उतरायचं, दूध आटायचं. गावानं आधी औषधाला शिव्या दिल्या. मग गेल्या वर्षी कॉलेजचा एक अहवाल संस्थेकडं आला. त्यात लिहिलं होतं की औषध योग्य मात्रेत पाजलं गेलेलं दिसत नाही. तेव्हापासून गाव इंदिराबाईंना शिव्या देऊ लागलं. बाई औषध नालीत ओतते, बाई बाहेर विकते. संस्थेचे अध्यक्ष देवाजी हटवार यांनी सभा लावली होती. शनिवारी. इंदिराबाईंना काढायचं हा एकच विषय.

आणि सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, देवाजींचीच म्हैस रेतीच्या ट्रकनं उडवली. तिला पाचच दिवसांपूर्वी, रविवारी, इंदिराबाईंनी औषध पाजलं होतं. म्हणजे त्या तसं म्हणत होत्या. ट्रक येऊन गेल्यावर अर्ध्या तासात त्यांनी एसटीडी बूथ उघडायला लावला आणि आमच्या विभागात फोन केला. मी योगायोगानं लवकर आले होते. "मॅडम, म्हैस मेली. किडे जिते असन तर पाहा, नसन तर माह्यं नशीब. या."

औषध खरंच पाजलं असेल तर पाचव्या दिवशी किडे मेलेले, गळून गेलेले असायला हवे होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. जिवंत किडा सापडला की गाव म्हणणार, पाहा, पाजलंच नाही. तरीही त्यांनीच मला बोलावलं होतं. मला ते तेव्हा विचित्र वाटलं, पण किडे दिसले आणि मी बाकी सगळं विसरले. मला दोन वर्षं शहरातल्या कत्तलखान्यातले किडे मिळत होते, जे औषधाच्या थेंबानं मरायचे. आणि इथं औषधाला न मानणारे असतील तर? नुसत्या कल्पनेनं मी भराभर कापू लागले.

मोजून बेचाळीस निघाले. कोमट मिठाच्या पाण्यात, देवाजींच्या थर्मासात.

"हे कॉलेजात पोचेपर्यंत, चार वाजेपर्यंत, जिवंत राहिले पाहिजेत," मी म्हणाले. "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमचे सर मानणार नाहीत. पाणी अडतीस अंशांवर ठेवायचं. म्हशीच्या अंगाइतकं."

"चला मंग," इंदिराबाई बूट झटकत म्हणाल्या.

"तुम्ही कुठं?"

"मी पाजलं, मीच पोचवतो."

एसटीत आम्हाला ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. थर्मास माझ्या मांडीवर, त्यात तापमापक खुपसलेला. थंडी अशी की खिडकीची काच लागत नव्हती म्हणून इंदिराबाईंनी तिथं आपली पिशवी कोंबली. साकोलीच्या पुढं पाणी छत्तीसवर आलं.

"छत्तीस!" मी म्हणाले.

"म्हंजे?"

"थंडी वाजतेय त्यांना."

इंदिराबाई उठल्या आणि थेट ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या टपरीवर गाडी थांबव."

"स्टॉप नाही, बाई."

"लेकरं थंडीनं मरून रायले."

ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं पाहिलं. त्याला लेकरं काही दिसली नाहीत, पण बाईंचा आवाज असा होता की त्यानं गाडी थांबवली. मी पळत जाऊन टपरीवरून गरम पाण्याचा पेला आणला. मीठ कॉलेजातून आणलं होतं. कंडक्टर वाकून पाहू लागला.

"चहा का?"

"नाही," मी म्हणाले, "पर्णकृमी."

"काय?"

"म्हशीच्या पोटातले किडे, भाऊ," इंदिराबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "जिते. पाहता?"

त्याच्यानंतर आमच्या पुढच्या आणि शेजारच्या दोन्ही सीटा रिकाम्या झाल्या. आम्ही पाय पसरून बसलो. मला हसू येऊ लागलं आणि ते थांबेना. इंदिराबाईही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. अडतीस. साडेअडतीस. दोघींना कशाचं हसू येत होतं देव जाणे.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी याच्यात पाहता तरी काय, मॅडम?"

मी आयुष्यात पहिल्यांदा ते लांबलचक नाव घेतलं नाही. "किड्याच्या अंगात एक कामगार असतो समजा. विष आत आलं की तो त्याला पकडतो, त्याला एक शेपूट बांधतो. शेपूट बांधलं की ते विष पाण्यात विरघळतं, आणि किडा ते बाहेर फेकतो."

"म्हंजे झाडूवाली."

"झाडूवालीच. प्रत्येक प्राण्यात असते. तुमच्या-माझ्या यकृतातही."

"आन् कचरा लय झाला तर?"

"तर जास्त झाडूवाल्या कामाला लागतात. शहरातल्या किड्यांना मी काचेच्या बशीत औषध घालून पाहिलंय. पाच-सहा तासांत झाडूवाल्या दुप्पट होतात. पण तेवढ्या पुरत नाहीत. किडा मरतोच."

त्यांनी थर्मासाकडं आदरानं पाहिलं. "हलकट हायेत, पण कामाचे हायेत," म्हणाल्या.

पावणेचारला आम्ही विभागात पोचलो. माझे मार्गदर्शक डॉ. पिंपळखुटे टेबलाशी बसून पेरू खात होते. उंच, शांत, कोणत्याही गोष्टीवर आधी विश्वास न ठेवणारे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी थर्मास काचेच्या मोठ्या भांड्यात रिकामा केला. किडे तळाशी बसले, आणि मग एकेक अंग हलवू लागला, कडेनं वळवळ उमटत गेली.

"जिवंत आहेत," सर म्हणाले. "म्हणजे औषध पाजलेलं नाही."

"पाजलं, सायेब," इंदिराबाई दारातून म्हणाल्या.

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "औषधाचा अंश तपासायचं यंत्र आपल्याकडं नाही. पाठवलं तर महिना जाईल. तू काय करणार आहेस?"

"विकर मोजते, सर. हे, शहरातले, आणि याच गावातल्या एका म्हशीचे, गेल्या उन्हाळ्यात कत्तलखान्यात मिळालेले. ते डीप फ्रीझरमध्ये आहेत. त्या म्हशीला वर्षभर कुठलंच औषध मिळालेलं नव्हतं, मालकानं घेतलंच नव्हतं."

"ठीक. पण नळ्यांवर चिठ्ठ्या मी लावणार. कुठली कुठली ते तुला कळायला नको. तू फार खूश दिसतेस."

खूश! मी जवळजवळ उडत होते. किडे बर्फावर वाटले, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवले, वरचं स्वच्छ पाणी घेतलं. सरांनी खोलीत जाऊन नळ्यांवर अ, ब, क लिहून आणलं. मोजायची पद्धत सोपी आहे. छोट्या काचेच्या चौकोनी नळीत एक रसायन घालायचं, जे विकराला विषासारखंच वाटतं, आणि ते शेपूट. विकर दोघांना जोडू लागलं की यंत्रावरचा आकडा चढतो. जितका भराभर चढेल तितकं विकर जास्त. इंदिराबाईंना मी स्टुलावर बसवलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं.

"मिनिट झालं की ओरडा."

पहिली नळी. "झालं!" आकडा बारा. परत केली. बारा.

दुसरी. "झालं!" सतरा.

तिसरी नळी ठेवली आणि आकडा असा पळायला लागला की मला वाटलं यंत्र बिघडलं. "झालं! झालं, मॅडम, झालं ना जी!" एकोणचाळीस. मी नळी धुतली, परत भरली. एकोणचाळीस. तिसऱ्यांदा. चाळीस.

मी उडी मारली आणि डोकं वरच्या फळीवर आपटलं. दोन बाटल्या खाली आल्या. एक इंदिराबाईंनी झेलली. "सर! क म्हणजे कोण? क!"

सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. आधी चष्मा पुसला. अ शहरातले. ब गावातले जुने. क म्हणजे थर्मासातले.

"तिप्पट!" मी ओरडत होते. "शहरातल्यापेक्षा तिप्पट! म्हणूनच औषध लागत नाही! सर, हा रेझिस्टन्स आहे, मी म्हणत होते ना?"

"हळू," सर म्हणाले. "हे यावरून सिद्ध होत नाही. जुने गावातले सतरा आहेत, बारापेक्षा थोडेच वर. तेही तिप्पट असते तर तू म्हणतेस ते म्हणता आलं असतं. मग क मधलंच इतकं का वाढलं? एका म्हशीच्या किड्यांवरून शोधनिबंध होत नसतो."

मी फुगा फुटावा तशी खाली बसले. बरोबर होतं ते. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्याला टेंगूळ मात्र आलं होतं.

तेवढ्यात इंदिराबाईंनी विचारलं, "सायेब, थे बाकीचे दोन. त्याईले औषध भेटलं नव्हतं ना?"

"नाही."

"आन् याईच्या पोटात झाडूवाल्या वाढल्या."

"कोण?" सर म्हणाले.

"विकर," मी म्हणाले. मी उठून उभी राहिले.

"मंग कचरा आल्याबिगर झाडूवाल्या काऊन वाढन?"

सरांनी पेरूची उरलेली फोड बशीत ठेवली. माझ्याकडं पाहिलं, मग त्या बाईंकडं, आणि मी त्यांना चार वर्षांत प्रथमच दात दाखवून हसताना पाहिलं.

"पाजलंय," ते म्हणाले. "औषध पाजलंय. पोचलंय. आणि हे तरीही जिवंत आहेत. दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात आहेत. हेमांगी, तू तीन तास चुकीच्या गोष्टीवर नाचत होतीस. नाचायचं ते हे."

मग आम्ही खरंच नाचलो. मी इंदिराबाईंचे हात धरले आणि त्या मुलाच्या बुटांतून गरागरा फिरल्या. आमचा प्रयोगशाळा मदतनीस दारात येऊन परत गेला.

"उद्याच्या सभेला पत्र देऊ," सर म्हणाले. "कोर्टात टिकणार नाही, पण दूधसंस्थेत टिकेल. गेल्या वर्षीच्या अहवालाचा क्रमांक लागेल." त्यांनी कपाटातून फाइल काढली, पान उलटलं आणि मोठ्यांदा वाचलं. "'औषध योग्य मात्रेत पाजले गेल्याचे दिसत नाही.' खाली सही, हे. पा."

हे. पा. म्हणजे हेमांगी पाटोळे. मी.

मी ते विसरले नव्हते. सकाळपासून त्याच्याकडं पाहिलं नव्हतं एवढंच. गेल्या वर्षी मी त्या गावच्या शेणाचे नमुने तपासले होते, औषधानंतरही त्यात किड्यांची अंडी सापडली होती, आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं म्हणून मी ते वाक्य लिहिलं होतं. जेवायची वेळ झाली होती. गावाला न जाता, कुणाला न विचारता.

मी इंदिराबाईंकडं वळले. "बाई, ते..."

"ठाऊक हाय मले," त्या म्हणाल्या. "देवाजी तुमचीच सही तर नाचवते गावात."

"मग मला कशाला फोन केलात? दुसऱ्या कुणाला..."

"दुसऱ्यानं तुमचं लिवलेलं काऊन खोडलं असतं, पोरी? लिवणाऱ्यालेच खोडा लागते." त्यांनी स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मग म्हणाल्या, "चहा हाय का इथं? सकाळपासून थर्मास मांडीवर, आन् चहाचा पत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता संस्थेच्या शेडमध्ये शंभरेक माणसं जमली. सरांनी पत्राबरोबर पिवळ्या औषधाची दोन खोकी दिली होती. ते वेगळ्या पद्धतीनं किड्याला मारतं, तेव्हा निदान पाजून तरी पाहा, असं त्यांचं म्हणणं. मी उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं, ते पहिल्या वाक्याला विसरले.

"गेल्या वर्षी औषध नीट पाजलं नाही असं मी लिहिलं," मी म्हणाले. "ते चूक आहे. पाजलं होतं. यांनी पाजलं होतं. रविवारी पाजलेलं काल मोजून पाहिलं. मी न पाहता लिहिलं, म्हणून माफी मागायला आले."

शेडमध्ये कुजबूज उठली. देवाजी हटवार उठले, भरघोस मिशांचे, अंगानं दणकट. "म्हंजे माह्या म्हशीले औषध भेटलं होतं?"

"मिळालं होतं. किडेच आता त्याला ऐकत नाहीत."

सगळे त्यांच्याकडं पाहत होते. शेवटी इंदिराबाईंकडं न बघता, पत्र्याकडं बघत म्हणाले, "विषय रद्द." आणि मग, जरा हळू, "वहिनी, थर्मास?"

"कॉलेजात हाय," इंदिराबाई म्हणाल्या. "तुमी त्यातून चहा प्यायचा नाही आता."

शंभर माणसं हसली. देवाजींना आधी कळेना, कुणीतरी कानात सांगितलं, आणि मग तेही मिशीत हसायला लागले. एकदम सगळेच बोलू लागले. कुणी म्हणे म्हशी बांधा, कुणी म्हणे पिवळं आजच पाजा.

"आजच," इंदिराबाई म्हणाल्या. "आन् सुरुवात मॅडम करन."

"मी?"

"डॉक्टर हाय ना तुमी?"

मी डॉक्टर होते. मी हजारो किडे पाहिले होते, विकर चारदा शुद्ध केलं होतं. पण जित्याजागत्या म्हशीला औषध मी कधी पाजलं नव्हतं. कॉलेजच्या गोठ्यात ते काम मदतनीस करायचा. हे मी शंभर माणसांसमोर म्हणू शकले नाही. मी लांब मानेची बाटली घेतली आणि देवाजींच्या दुसऱ्या म्हशीपुढं उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला लगेच कळलं.

मी मुंडकं वर उचललं, फार वर. बाटली समोरून घातली. म्हशीनं जीभ बाहेर काढली, मान झटकली, आणि अर्धी बाटली पिवळं औषध माझ्या तोंडावर, केसांत, ओढणीवर. बायका टाळ्या वाजवू लागल्या.

"हळद लागली! मॅडमले हळद लागली!"

"नवरदेव कुठी हाय?"

"हा काय, दावणीले बांधला!"

मला दिसत नव्हतं, डोळे चुरचुरत होते, आणि मी इतकी हसत होते की उभं राहवेना. इंदिराबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं.

"मुंडकं एवढं वर नको. औषध फुफ्फुसात जाते, म्हैस मरते," त्या माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं. "गालातून घाला. जीभ मोकळी ठेवा. थोडं द्या, गिळू द्या, मंग थोडं. घाई तुमाले हाय, तिले नाही."

दुसऱ्या म्हशीनं पाव बाटली सांडली. तिसरीनं माझ्या पायावर पाय दिला. छातीचा घेर फितीनं मोजायचा, मात्रा ठरवायची, गालात बोट घालून जबडा मोकळा करायचा. सांडलं तर सांडलेलं परत पाजायचं. गेल्या दोन वर्षांत या बाईनं हे सव्वादोनशे म्हशींना वर्षातून दोनदा केलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी सत्तावीस म्हशी केल्या. पिवळं औषध लागू पडतं का हे कळायला पुढं दोन महिने गेले, आणि पांढऱ्याला किडे खरंच बधत नाहीत हे पक्कं म्हणायला मला अजून साठ म्हशी आणि तीन वर्षं लागली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात इंदिराबाईंचं नाव आहे, सरांच्या आधी. सरांनीच तसं करायला लावलं.

पण मला विचाराल तर मी त्या दिवशी डॉक्टर झाले. दिवस कलता कलता, सत्ताविसाव्या म्हशीशी. मी तिच्या गालात बोट घातलं, थोडं ओतलं, थांबले. गळ्यावरून घोट खाली उतरताना दिसला. परत थोडं. परत घोट. बाटली रिकामी झाली आणि खाली मातीवर एक थेंबसुद्धा नव्हता. मी मान वळवून इंदिराबाईंना दाखवायला गेले, तर त्या केव्हाच पाठ फिरवून पुढच्या गोठ्याकडं निघाल्या होत्या.